नाव एक, कीर्ती निराळी

हिराचंद, वालचंद, दीपचंद, नेमचंद! आपल्या व्यापारी घराण्यांच्या वंशावळीत ‘चंद’ ही अक्षरे पिढ्यानुपिढ्या तेवत आली आहेत. त्यांतीलच एक नाव प्रेमचंद. या एकाच नावाने तीन अगदी निराळ्या क्षेत्रांत कीर्ती मिळवली.

पहिले प्रेमचंद रायचंद. सुरतच्या जैन कुटुंबातील रायचंद दीपचंद यांचे हे पुत्र मुंबईत आले आणि इंग्रजी लिहू-वाचू शकणारे पहिले भारतीय शेअर दलाल म्हणून ओळखले गेले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. या तेजीचे प्रेमचंदशेठ अनभिषिक्त राजे होते. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांची अफाट संपत्ती पाहता पाहता विरून गेली. मात्र भरभराटीच्या काळात मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी 2 लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी 2 लाख रुपये त्यांनी देऊ केले होते. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव आहे. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना घंटानादावरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळता यावा, हा त्यामागील हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते. कोलकाता विद्यापीठातील प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही त्यांच्याच देणगीतून उभी राहिली.

दुसरे प्रेमचंद म्हणजे हिंदी-उर्दूचे कथासम्राट. 1880 मध्ये काशीजवळील लमही गावी जन्मलेल्या या लेखकाचे मूळ नाव धनपतराय. नावात धन असले तरी घरात ते कधी फारसे नांदले नाही. ‘नवाबराय’ या नावाने लिहिलेला ‘सोजे वतन’ हा त्यांचा कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला. तेव्हा ‘जमाना’ मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी त्यांना ‘प्रेमचंद’ हे नवे नाव सुचवले. 1921 मध्ये गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी नोकरी सोडली. शेतकऱ्याच्या कर्जबाजारी जिण्याची कथा सांगणारी ‘गोदान’ ही त्यांची कादंबरी 1936 मध्ये पंडित नाथूराम प्रेमी या जैन विद्वानांच्या मुंबईतील ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ या संस्थेने प्रकाशित केली. सावकारी पाशाचे एवढे परखड चित्र एका जैन प्रकाशकाने वाचकांपुढे ठेवावे, ही गोष्ट मोलाची आहे. त्याच वर्षी लिहिलेल्या ‘महाजनी सभ्यता’ या लेखात पैसा हाच देव मानणाऱ्या समाजावर त्यांनी कठोर टीका केली. व्यापारी घरांनी तो लेख राग न मानता वाचावा. अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्या धर्माच्या अनुयायांना त्यातील इशारा परका वाटणार नाही.

तिसरे पंजाबचे शरीरसौष्ठवपटू प्रेमचंद डेगरा. 1988 मध्ये त्यांनी ‘मिस्टर युनिव्हर्स’ हा किताब मिळवला. पुढे ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. त्यांची पुंजी म्हणजे केवळ घाम आणि संयम.

एकाची संपत्ती गेली, पण दान उरले. दुसऱ्याचे पुस्तक जप्त झाले, पण शब्द उरले. तिसऱ्याने देह हीच साधना मानली. नामकरणाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते; त्या नावाला अर्थ देण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. पेढीच्या पाटीवरील नाव वारशाने मिळते, त्या नावाची पत प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते.