फाइल नेमकी अडते कुठे?

मी वाचनालयं, शाळा, पतसंस्था अशा छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळते. मार्च सरला, सर्वसाधारण सभा जवळ आली, की ग्रंथपालांचे आणि सचिवांचे फोन सुरू होतात. "मॅडम, अहवाल अपलोड होत नाहीये. सकाळपासून बसलोय." पडद्यावर फक्त 'अपलोड अयशस्वी' एवढंच दिसतं. माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. बहुतेक वेळा त्यांचं काही चुकलेलं नसतं.

अहवाल चढवला जातो वेबसाइटच्या एडिटरमधून, म्हणजे मजकूर लिहायची, ठळक-तिरप्या अक्षरांची बटणं असलेली ती चौकट. त्यातलं एक जुनं, प्रसिद्ध नाव सीकेएडिटर. २००३ मध्ये तो एफसीकेएडिटर म्हणून आला आणि २००९ मध्ये त्याचं नाव बदललं. एडिटर फाइल फक्त पुढे पाठवतो. ती ठेवून घ्यायची की नाही, हे सर्व्हर ठरवतो आणि त्यासाठी तो बऱ्याच गोष्टी तपासतो.

पहिली तपासणी आकाराची. पीएचपी या प्रणालीत एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि एका वेळी पाठवायच्या सगळ्या माहितीची ८ एमबी. स्कॅन केलेला चाळीस पानी अहवाल ही मर्यादा सहज ओलांडतो. ८ एमबीच्या वर गेलं, तर पीएचपी पाठवलेलं सगळंच टाकून देते. मग फाइल पाठवलीच नव्हती, असं पान वागतं. पडद्यावर ४१३ हा आकडा दिसला, तर फाइल मोठी आहे हे नक्की समजावं.

दुसरी तपासणी नावाची. संगणक देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहसा तीन बाइटमध्ये साठवतो आणि काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हं वेगळी मोजतो. 'वार्षिक' या एका शब्दाला २१ बाइट लागतात. लिनक्सवर फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटचीच जागा असते. म्हणून फाइलला छोटं रोमन नाव द्यावं आणि पानावरच्या दुव्याला हवं तेवढं सविस्तर मराठी शीर्षक.

तिसरी तपासणी फोल्डरच्या परवानगीची. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डरसाठी तीन पक्ष असतात: मालक, गट आणि बाकीचे सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि आत शिरण्याचा १, अशी बेरीज करून प्रत्येकाचा आकडा ठरतो. ७५५ म्हणजे मालकाला सगळे अधिकार, इतरांना आत जाऊन वाचण्यापुरते. हे योग्यच आहे. पण फोल्डर तयार केलेलं असतं होस्टिंगच्या खात्याने, आणि फाइल लिहायला येतो वेबसर्व्हर, जो बऱ्याचदा वेगळ्या नावाने चालतो. तो मालक नसतो, म्हणून त्याला लिहिता येत नाही.

यावर झटपट सुचवला जाणारा उपाय म्हणजे ७७७: सगळ्यांना सगळं. फाइल लगेच चढते आणि सगळे खूश होतात. मला मात्र हा उपाय अजिबात मान्य नाही. ७७७ केलेल्या फोल्डरमध्ये त्या सर्व्हरवरचं दुसरं कुठलंही खातं शिरू शकलं, तर तुमच्या फाइल पुसूही शकतं. अपलोडची वाट सगळ्यांना मोकळी ठेवल्यावर काय होतं, हे २००९ मध्ये दिसलं. वेबसाइट चालवणाऱ्या अडोबीच्या कोल्डफ्यूजन ८ या प्रणालीच्या एका आवृत्तीत एफसीकेएडिटरची फाइल स्वीकारणारी सोय मुळातच चालू होती. हल्लेखोरांनी तिथून स्वतःचे प्रोग्राम चढवले आणि वेबसाइट ताब्यात घेतल्या.

योग्य उपाय असा: फक्त अपलोडच्या फोल्डरची मालकी किंवा गट वेबसर्व्हरला द्यावा. गटाला लिहू द्यायचं असेल, तर ७७५ पुरतं. त्या फोल्डरमध्ये कुठलाही प्रोग्राम चालणार नाही, अशी सोय करावी. पीडीएफ आणि चित्रं यांपलीकडचे प्रकार नाकारावेत. लॉगिन केल्याशिवाय अपलोड होता कामा नये.

तुम्ही संस्थेत हे काम करत असाल, तर आधी एक अगदी छोटी पीडीएफ रोमन नावाने चढवून बघा. ती चढली, तर अडचण मोठ्या फाइलच्या आकाराची किंवा नावाची. तीही अडली, तर परवानगी तपासायला सांगा. तंत्रज्ञाला फाइलचा आकार, प्रकार, वेळ आणि पडद्यावरचा आकडा कळवा. तो ७७७ म्हणाला, तर "मालकी बदलून होईल का?" असं ठामपणे विचारा. त्या फोल्डरमध्ये सभासदांचे हिशेब आणि संस्थेचे ठराव आहेत. ते जपण्यासाठी हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.