कियांतीतली पांढरी द्राक्षे

इटलीच्या प्रांतोप्रांतीच्या खाण्यापिण्याविषयी लिहिताना ‘शतकानुशतके चालत आलेले’ हे शब्द इतक्या सहज लेखणीतून उतरतात की त्यांची उलटतपासणी करावी असे कुणाला वाटत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान मिळाला (आपल्या दिवाळीला मिळाला तो त्याच बैठकीत), तेव्हा या समजुतीवर जणू शिक्काच बसला. पण गेल्या दीडशे वर्षांचा मागोवा घेतला तर दिसते ते असे, की यातल्या नामांकित जिनसांची परंपरा आजीच्या हातापेक्षा कागदावर अधिक घडली. पत्रे, हुकूमनामे, उत्पादकांच्या संघांचे नियम आणि सरकारी राजपत्रे यांनी ती घडवली. त्यात वावगे काही नाही. पाहायचे ते एवढेच, की नियम लिहिताना सोय कोणाची पाहिली गेली. अमाप आणि हलका माल खपवणाऱ्यांची सोय पाहिली तेव्हा परंपरेचे नाव घेऊनच परंपरेची माती झाली, आणि चांगला माल काढणाऱ्यांची गरज पाहिली तेव्हा ती तगली.

तोस्कानाची कियांती वाइन हा याचा सर्वांत बोलका दाखला. या प्रदेशाची हद्द १७१६ मध्येच ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने हुकूम काढून आखून दिली होती. वाइनचा घाट मात्र ठरला १८७२ मध्ये, आणि तोही एका पत्रातून. इटलीचे पंतप्रधानपद भूषवून ब्रोलियोच्या आपल्या गढीत द्राक्षांचे प्रयोग करत बसलेल्या बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी पिझाच्या एका प्राध्यापकांना लिहिले, की सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून गंध आणि जोम येतो, कानायोलोने त्याचा करकरीतपणा मऊ होतो आणि मालवाझिया या पांढऱ्या द्राक्षाने वाइन हलकी, रोजच्या जेवणाजोगी होते. मात्र जी वाइन मुरवायची असेल तिच्यात मालवाझिया नसली तरी चालेल, असेही त्यांनी लिहिले होते. पुढे गवताने मढवलेल्या बुटक्या बाटलीतून कियांतीचे नाव जगभर गेले, आणि १९३२ मध्ये सरकारने मूळ टेकड्यांच्या कितीतरी बाहेरच्या मुलखालाही तेच नाव वापरायची मुभा दिली. वाइनच्या नावांविषयीच्या १९६३ च्या कायद्यानंतर १९६७ मध्ये कियांतीची नियमावली आली, आणि तिथे घोडे पेंड खाऊ लागले. या नियमावलीने लाल वाइनमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. रिकासोलींच्या पत्रात ज्याचे नावही नव्हते ते त्रेब्बियानो द्राक्षही तिच्यात आले. त्रेब्बियानोच्या वेलीला घड लागतात भरपूर, चव मात्र बेताची. बटाईची जुनी शेती मोडीत निघत होती, मळ्यांत पांढऱ्या वेली मुबलक होत्या आणि त्यांचे करायचे काय, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर परंपरेच्या नावावर खपवले गेले. बॅरननी मुरवायच्या वाइनसाठी जे अनावश्यक मानले होते, ते कायद्याने सर्वांना बंधनकारक केले.

परिणाम व्हायचा तोच झाला. कियांती म्हणजे स्वस्त, पाणचट वाइन, असा लौकिक झाला. ज्यांना आपल्या मळ्याची चाड होती त्यांनी मग नावच टाकून दिले. अंतिनोरी घराण्याची तिन्यानेल्लो ही वाइन १९७१ च्या हंगामापासून कियांतीचे नाव न लावता विकली जाऊ लागली. १९७७ मध्ये मोंतेव्हेर्तिने या मळ्याने निव्वळ सांजोवेझेची वाइन काढली. समुद्राकडच्या बोल्गेरीत तर १९६८ च्या हंगामापासून काबर्ने या फ्रेंच द्राक्षाची सास्सिकाया बाजारात आली होती. कायद्याच्या दृष्टीने या साऱ्या बाटल्या ‘साधी टेबल वाइन’, म्हणजे उतरंडीतल्या अगदी तळाच्या. यातली मोंतेव्हेर्तिनेची गोष्ट मला सर्वांत मासलेवाईक वाटते. तोस्कानाच्या अस्सल गावरान द्राक्षाखेरीज जिच्यात दुसरे काही नाही, तीच वाइन कायद्याला परंपरेबाहेरची वाटली. उंटावरून शेळ्या हाकल्या की असेच होते. कायद्याला जाग आली ती सावकाश. १९९२ मध्ये अशा वाइनसाठी नवा वर्ग तयार झाला, १९९६ मध्ये मूळ टेकड्यांवरच्या ‘कियांती क्लासिको’त शंभर टक्के सांजोवेझे चालेल असे ठरले, आणि २००६ पासून तिथे पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आली. एकेकाळची सक्ती चाळीस वर्षांच्या आत बेकायदा ठरली, आणि दोन्ही वेळी दाखला दिला गेला तो परंपरेचाच.

यावर कोणी म्हणेल, मग नियम हवेतच कशाला? बंडखोरांनीच वाइन तारली ना? हा युक्तिवाद १९८६ समोर टिकत नाही. त्या वर्षी पिएमोंतेच्या बाजूने आलेल्या स्वस्त वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण वाढवण्यासाठी मिथेनॉल मिसळल्याचे उघडकीस आले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. तपासणी ढिली पडली की काय होते ते तेव्हा देशाने पाहिले. आणि काटेकोर नियमांनीच नावारूपाला आलेली जिन्नसही इटलीत आहे. पार्मिजानो रेज्जानो चीजच्या उत्पादकांचा संघ १९३४ चा. दूध, मीठ आणि दूध गोठवणारे रेनेट यांपलीकडे त्यात काही घालायचे नाही. साधारण साडेपाचशे लिटर दुधातून चाळीसेक किलोचे एक चाक निघते, आणि बारा महिने मुरल्यावर संघाचा परीक्षक हातोडीने प्रत्येक चाक ठोकून त्याचा आवाज ऐकतो. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो, आणि नापास झालेल्या चाकाच्या सालीवरची नावाची खूण खरवडून काढली जाते. नियम इथेही कडकच आहे. पण वाइनच्या नियमाने उत्पादकाला हलका माल घालायला भाग पाडले, तर चीजचा नियम त्याला तो घालू देत नाही. सगळा फरक इथेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पार्मा विद्यापीठातले आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक अल्बेर्तो ग्रांदी यांनी २०१८ च्या पुस्तकात मांडले, की इटालियन खाद्यपरंपरेचा बराचसा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर रचला गेला. त्यावरून इटलीत मोठा गदारोळ झाला. तपशिलात त्यांचे सगळेच मान्य करायचे कारण नाही. डोंगराएवढ्या किसलेल्या पार्मिजानोचा उल्लेख चौदाव्या शतकात कथाकार बोकाच्योच करून ठेवतो. पण रोमची म्हणून मिरवणारी कार्बोनारा ही पास्त्याची पाककृती महायुद्धाआधीच्या पाककृतींच्या पुस्तकांत सापडत नाही, आणि १९५४ च्या एका इटालियन मासिकातल्या कृतीत लसूण आणि ग्रुयेर चीज आहे, हे खरे. आज रोममध्ये कुणी असे केले तर त्याची धडगत नाही! म्हणून ती खोटी का? मला तसे वाटत नाही. एका शहरातल्या माणसांनी दोन-तीन पिढ्या एक पदार्थ करून, वाद घालून त्याचे रूप पक्के केले, तर तो त्यांचाच. खोटा म्हणायचा तो जुनेपणाचा दावा. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्या १८९१ च्या पाककृतींच्या पुस्तकात पहिल्या आवृत्तीला ४७५ कृती होत्या, आणि वाचकांच्या पत्रांमधून भर पडत त्या ७९० झाल्या. वयाच्या दाव्याशिवायही ते पुस्तक इटालियन घरांत पोहोचलेच.

आणि वयाचा दावा तरी किती मोठा लागतो? इटलीच्या कृषी मंत्रालयाच्या पारंपरिक खाद्यपदार्थांच्या यादीत नाव यायला, १९९९ च्या नियमानुसार, पदार्थाची पद्धत किमान पंचवीस वर्षे रुळलेली असावी लागते. ती यादी दरवर्षी नव्याने निघते, आणि तिच्यात आता पाच हजारांहून अधिक नावे आहेत.