चरबीचा हिशोब मेंदूत

स्थूल माणसाला ‘तोंडावर ताबा नाही’ असं सुनावणं निमगाव सावासारख्या खेड्यापासून पुण्यापर्यंत सर्रास चालतं. उंदरांवरच्या पाऊणशे वर्षांच्या संशोधनानं या आरोपाचा पायाच काढून घेतला आहे. 1949मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत ‘ओबी’ नावाचा बेसुमार लठ्ठ उंदीर आढळला, 1966मध्ये तसाच ‘डीबी’. तिथलेच संशोधक डग्लस कोलमन यांनी दोघांचं रक्ताभिसरण एकमेकांत खेळेल असे ते शस्त्रक्रियेनं जोडले. ओबीनं खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. डीबी लठ्ठच राहिला. कोलमन यांनी ताडलं, की डीबीच्या रक्तात तृप्तीचा निरोप आहे पण तो त्याला ऐकू येत नाही, आणि ओबीला ऐकू येतो पण त्याच्याकडे निरोपच नाही. 1994मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला तो निरोप सापडला. चरबीतूनच स्रवणारं ते संप्रेरक म्हणजे लेप्टिन. पुढच्याच वर्षी तो निरोप ‘ऐकणारा’ रिसेप्टरही हाती लागला, आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये हा रिसेप्टर काम करतो हे स्पष्ट झालं. माझ्या मते इथली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे: ओबी उंदराला सडपातळ उंदराइतकंच मोजून खायला दिलं, तरी त्याच्या अंगावर चरबी जास्त साठते. म्हणजे मेंदू भुकेबरोबर चरबी जाळायची की साठवायची हेही ठरवतो.

उंदराचं माणसाला का लावायचं, हा आक्षेप रास्त आहे. बहुतेक स्थूल माणसांत लेप्टिन भरपूर असतं, म्हणूनच त्याची इंजेक्शनं त्यांना फारशी लागू पडली नाहीत. पण लेप्टिन जन्मतःच नसलेल्या मुलांचं वजन याच इंजेक्शनांनी झपाट्यानं उतरलं. तेव्हा बिघाड निरोपात नसेल, तर तो ऐकण्यात शोधायला हवा. इच्छाशक्तीवर खापर फोडून भागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आपल्या लोकांना हे कसं लागू व्हावं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं जवळच्या 6 गावांत 1993पासून गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची, तरी पाठीवरची चरबी आपल्या बाळांनी जवळजवळ तेवढीच राखलेली. नाळेच्या रक्तातलं लेप्टिनही वजनाच्या मानानं जास्त भरलं. या बाळांनी अजून एक घासही खाल्लेला नव्हता. अर्धपोटी पिढ्यांचा हा वारसा किती चिवट असतो, तेही उंदरांतच दिसलं: 2015मध्ये आनंदवर्धन हर्डीकर आणि याज्ञिक यांच्या गटानं 50 पिढ्या कुपोषित ठेवलेल्या मोठ्या जातीच्या उंदरांचा (रॅट) अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना पुढच्या 2 पिढ्या पोटभर खाऊ घातलं, तरी मधुमेहाकडचा कल गेला नाही.