मधली हवा वीज खात नाही!

एकलहऱ्याच्या केंद्रातून निघालेली वीज तुमच्या गल्लीतील रोहित्रापर्यंत येते. त्या रोहित्रात तारेची दोन वेटोळी असतात आणि ती एकमेकांना जोडलेली नसतात. पहिल्यातील बदलत्या प्रवाहामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते दुसऱ्यात वीज निर्माण करते. फॅरडेने हे १८३१ साली दाखवले.

रोहित्रातील ही दोन्ही वेटोळी एकाच लोखंडी गाभ्यावर असतात. गाभा काढून ती दूर ठेवली तर? पहिल्या वेटोळ्याच्या क्षेत्राचा, समजा, दहावा हिस्साच दुसऱ्यात शिरेल. मग नव्वद टक्के वीज वाया गेली का? नाही! न शिरलेल्या क्षेत्रातील ऊर्जा पहिल्या वेटोळ्यात परत येते. हवा ती खात नाही. मात्र या जाण्यायेण्यात तारेच्या रोधामुळे दर खेपेस थोडी ऊर्जा उष्णता बनते. खरा चोर तो!

यावर उपाय काय? झोपाळ्याला योग्य वेळी हलका झोका दिला, तर तो उंच जातो. वेटोळ्याला संधारित्र जोडले की त्यालाही अशीच स्वतःची लय मिळते. दोन्ही वेटोळी एकाच लयीत ठेवायची, याला अनुनाद म्हणतात. वेटोळ्यात साठणारी ऊर्जा खूप आणि गळती कमी, तर त्याचा 'गुणवत्ता गुणक' मोठा. क्षेत्राचा दहावा हिस्साच पोचत असला आणि दोन्ही वेटोळ्यांचा गुणक १०० असला, तर सुमारे ८२ टक्के ऊर्जा पलीकडे जाऊ शकते. गुणक २०० केला, तर सुमारे ९० टक्के!

नागपूरच्या व्हीएनआयटीने तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकबरोबर विजेच्या वाहनांसाठी १.५ किलोवॉटचा बिनतारी चार्जर तयार केला. २०२५ साली त्याचे तंत्रज्ञान उद्योगाकडे सोपवण्यात आले. वेटोळ्यांत १२.५ सेंटिमीटर अंतर असतानाही त्याची कमाल कार्यक्षमता ८९.४ टक्के आहे. घरातील प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने होतात, या चार्जरमध्ये ८८ हजार. वारंवारता वाढली की गुणक वाढतो. पण एवढ्या वारंवारतेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहू लागतो व रोधही वाढतो. म्हणून अशा वेटोळ्यांसाठी एका जाड तारेऐवजी अनेक बारीक, वेगवेगळे विलेपित धागे एकत्र पिळून वापरतात.

तरीही या चार्जरमध्ये शंभर युनिटांमागे किमान साडेदहा युनिटांची उष्णता होतेच, आणि त्यासाठीही कुठेतरी कोळसा जळतो. बिनतारी चार्जरवर मोबाइल किंचित सरकवून ठेवला, तर तो जास्त का तापतो, हे आता तुम्हीच सांगा.