कुत्र्यासाठी सुरक्षित लॉन: गवत सोपं आहे, जपायचं ते पोत्यांपासून

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बसमध्ये आवाज येत नाही, किंवा हेडफोन घरी राहिला, अशांसाठी. ऐकायचं तेच इथे वाचा, आणि कामाच्या ओळींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

घरात कुत्रा असला आणि आंगणात लॉन लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, गवत कोणतं लावायचं? प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर सोपं आहे. खरी काळजी दुसरीकडे आहे. आपला भंडारा धानाचा जिल्हा. आंगणापासून चार पावलांवर खताची पोती, तणनाशकाची बाटली आणि उंदरांचं औषध ठेवलेलं असतं. कुत्र्याला धोका हिरवळीचा नसतो. हिरवळीवर जे टाकलं जातं आणि हिरवळीजवळ जे ठेवलं जातं, त्याचा असतो. म्हणून आज आधी गवत, आणि मग पोती.

गवत कोणतं?

आपली हरळी. म्हणजेच दूर्वा. धुऱ्यावरची जी हरळी काढून काढून शेतकरी थकतो, तीच कुत्रा असलेल्या घरासाठी सगळ्यात चांगली. का? कारण ती जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्हीकडून पसरते. कुत्र्याने धावून, उकरून एक जागा उघडी पाडली तरी बाजूच्या काड्या तिथे सरकतात आणि खड्डा भरून काढतात. कुत्र्याने चार पाती चघळली तरी काही बिघडत नाही.

नर्सरीत 'कोरियन' किंवा 'कार्पेट' नावाने मिळणारं बारीक गवत दिसायला मऊ, गादीसारखं. पण ते हळू वाढतं. रोज धावणारा कुत्रा असेल तर ते फाटतं आणि लवकर भरून येत नाही.

हरळीची एकच अट: ऊन. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत ती टिकत नाही. तिथे हट्ट करू नका. गुळगुळीत गोटे किंवा विटा लावा, उन्हाळ्यात कुत्रा तिथेच जाऊन बसेल. आणि प्लास्टिकचं गवत? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात प्लास्टिक इतकं तापतं की पंजे भाजतात. खरं गवत पानांतून पाणी बाहेर टाकत राहतं, म्हणून ते थंड राहतं.

लावायचं कसं?

हे तर भंडाऱ्याच्या पोरापोरींना शिकवायची गरजच नाही. रोवणी माहीत आहे ना? तसंच.

मे महिन्यात जागा वीतभर खोल खोदा, दगड, काचा, खिळे वेचून काढा. जुन्या बांधकामाच्या जागी हे फार निघतं. मग जमीन ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवा. आपल्या उन्हाने तणाचं बरंच बी आतच मरतं, औषध लागत नाही. कन्हार जमीन असेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारी चिकट काळी, तर थोडी वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, आणि घरापासून दूर हलका उतार द्या. साचलेल्या पाण्यात उंदराची लघवी मिसळली तर त्यातून कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

पाऊस स्थिरावला की हरळीच्या दोन-तीन पेरांच्या काड्या चार-चार बोटांवर रोवा. पुढचे सहा ते आठ आठवडे कुत्र्याला तिथे जाऊ देऊ नका. बांबू आणि दोरीचं साधं कुंपण पुरतं.

पिवळे डाग का पडतात?

कुत्र्याच्या लघवीत युरिया असतो. तोच, पोत्यातला. धानाला योग्य मात्रेत दिला की पीक हिरवंगार होतं, एकाच जागी ढीग पडला की जळतं. लॉनवर हेच होतं. मध्ये जळका डाग, आणि कडेला, जिथे मात्रा कमी पोचली, तिथे गडद हिरवं कडं. कुत्रीच्या लघवीने डाग जास्त पडतात, कारण ती बसून एकाच जागी लघवी करते.

उपाय एकच आहे आणि फुकट आहे. लघवी झाली की लगेच त्या जागेवर एक-दोन लोटे पाणी ओता. त्याच्या जेवणात सोडा, व्हिनेगर घालण्याचे व्हिडिओ बघितले असतील. ते करू नका, त्याने शरीराचं गणित बिघडू शकतं. एक कोपरा ठरवून सुरुवातीचे दिवस त्याला रोज तिथेच न्या, सवय लागते.

कापणी आणि कुसळं

गवत दीड इंचाच्या आसपास ठेवा. एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आखूड गवतात साप दिसतो आणि गोचीड कमी लपतात. तरी गोचीड फक्त गवतात राहत नाहीत. कुत्र्याच्या झोपायच्या जागेच्या भिंतीतल्या फटीत ते अंडी घालतात, त्या फटी बुजवा.

पावसाळा सरला की कुसळी गवताला कुसळं धरतात. ती पंजाच्या बोटांमध्ये आणि कानात घुसतात, आणि आत-आत सरकत जातात. तेव्हा फुलोऱ्याआधीच ते गवत आणि गाजरगवत हाताने उपटा. सराटेही सोडू नका.

उन्हाळ्यात हरळी तपकिरी झाली तर घाबरू नका. ती मेलेली नसते, झोपलेली असते. प्यायच्या पाण्याची ओढाताण असेल तर लॉनला पाणी देऊ नका. पहिल्या पावसात ती परत उठते.

आता पोती आणि बाटल्या

हा भाग नीट वाचा.

*एरंडीची ढेप.* खत म्हणून स्वस्त, आणि कुत्र्याला तिचा वास आवडतो. पण एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं, आणि ढेपेत ते उरू शकतं. कुत्रा असलेल्या घरात ही ढेप नकोच. गांडूळखत वापरा.

*तणनाशक.* धानात वापरलं जाणारं २,४-डी माणसाच्या शरीरातून लघवीवाटे बरंच लवकर बाहेर पडतं. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते तितकं जमत नाही, म्हणून ते त्याच्या अंगात जास्त वेळ राहतं. लॉनवर तणनाशक मारूच नका. शेजारच्या बांधीत फवारणी चालू असेल तर कुत्र्याला घरात ठेवा. तो बांधीतून फिरून आला असेल तर पंजे आणि पोट साबणाने धुवा, कारण तो नंतर ते चाटतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि मजूर गेले. धडधाकट माणसाची ही गत, तर दहा-पंधरा किलोच्या जिवाचं काय?

*जुनं दाणेदार औषध.* फोरेट, ज्याला अनेक जण थायमेट म्हणतात, त्याच्या विक्रीवर आणि वापरावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. पण घरातली जुनी पिशवी बंदीने आपोआप नाहीशी होत नाही. कोठीत, माळ्यावर बघा. सापडली तर उघडू नका, जाळू नका, पाण्यात फेकू नका. कुलपात ठेवा आणि कृषी विभागाला विचारा.

*उंदराचं औषध.* काळपट पूड असते ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की विषारी वायू तयार होतो. रंगीत वड्या असतात त्या ब्रोमाडायोलोनसारख्या. त्या रक्त गोठू देत नाहीत, आणि कुत्रा दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसतो. 'खाल्लं पण काही झालं नाही' या भ्रमात इथेच जीव जातो. वेळेत गेलात तर के-१ जीवनसत्त्वाने उपचार होतो.

*शोभेची झाडं.* कण्हेर, पिवळी कण्हेर, सायकस, धोतरा, एरंड, गुंज. कण्हेर हृदयावर, तर सायकस यकृतावर घाव घालतो. लॉनच्या कडेला यांतलं काहीही नको. त्याऐवजी जास्वंद, तुळस लावा.

खाल्लंच तर?

१. पाकीट किंवा बाटलीचा फोटो काढा. नाव वाचता आलं पाहिजे.
२. डॉक्टरांना फोन करून काय, किती, कधी खाल्लं ते सांगा, आणि निघा.
३. मिठाचं पाणी, तेल, दूध पाजू नका. मनाने उलटी करवू नका.
४. काळी पूड खाल्ली असेल आणि गाडीत उलटी झाली तर काचा उघडा. तो वायू तुम्हालाही घातक आहे.
५. लाळ गळणं, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, ही फोरेटसारख्या औषधांची लक्षणं. इथे मिनिटं मोजायची असतात.

आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय भंडारा शहरापासून तासा-सव्वा तासावर आहे, पण पहिला उपचार जवळच घेऊन मग पुढे जा. आणि दवाखान्याचा नंबर आत्ताच सेव्ह करा, कारण त्या वेळी हात थरथरत असतात आणि नेमकं तेव्हाच नेट चालत नाही.

तर मंडळी, लॉनसाठी काड्या पावसाळ्यात रोवा, त्याची घाई नाही. पण कोठी, माळा आणि आंगणाचा कोपरा आज संध्याकाळीच तपासा. जे औषध आहे ते कुत्र्याच्या आणि लहान मुलांच्याही हाती लागणार नाही अशा उंचीवर, कुलपात गेलं पाहिजे. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं अवघड वाटत असेल, तर त्यांना हा एपिसोड ऐकवा. भेटू पुढच्या भागात, तोवर तुमच्या मोतीला आमच्याकडून एक थाप!