गिधाडे गेली, पण मेलेली ढोरे कोणी उचलायची?

राजगीरच्या गिज्झकूट पर्वताचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहे. तथागतांचा तेथे अनेकदा मुक्काम असे. महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवातही तेथेच होते. गिज्झकूट म्हणजे गिधाडांचे शिखर. शिखरावर गिधाडे बसत म्हणून किंवा शिखराचा आकार गिधाडासारखा म्हणून हे नाव पडले, असे अट्ठकथा सांगते. म्हणजे या पक्ष्याचे नाव घ्यायला बौद्ध परंपरेला कधी कमीपणा वाटला नाही. आपल्या बोलीत मात्र 'गिधाड' ही शिवी आहे. ज्याला आपण शिवी म्हणून वापरले तो पक्षी भारतातून जवळजवळ नाहीसा झाला, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. हे कसे घडले आणि त्याचा आपल्या चळवळीशी काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

औषध गुरांचे, मरण गिधाडांचे

१९९० च्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध गुरांसाठी स्वस्तात मिळू लागले. आजारी बैलाला इंजेक्शन दिले आणि तो लवकरच मेला, तर औषधाचा अंश त्याच्या शरीरात राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मरते. हे कारण २००४ मध्ये डॉ. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध केले. तोपर्यंत फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली, तर लांब चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्के.

प्रत्येक गुराला हे औषध दिले जात होते असेही नाही. अभ्यासकांच्या हिशेबाप्रमाणे शंभरातील एकापेक्षाही कमी मृत जनावरांत हे विष असले, तरी एवढी घट होऊ शकते. याचे कारण गिधाडांच्या जगण्याच्या पद्धतीत आहे.

गिधाडाला तालुक्याची हद्द नसते

गिधाड पंख फार हलवत नाही. ऊन तापले की जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर ते तरंगते आणि दिवसभरात मोठा मुलूख पालथा घालते. एकाला मेलेले जनावर दिसून ते खाली उतरले की दुरून त्याच्यावर नजर ठेवणारी बाकीचीही येतात. त्यामुळे एका विषारी जनावरावर डझनावारी गिधाडे मरू शकतात. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. झालेली तूट भरून निघणे म्हणूनच फार कठीण आहे.

यामुळेच नुसते अभयारण्य पुरत नाही. घरट्यांच्या भोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा परिसर विषारी औषधांपासून मुक्त ठेवावा, अशी 'गिधाड सुरक्षित क्षेत्रा'ची कल्पना आहे. असे एक वर्तुळ ३० हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठे भरते, म्हणजे त्यात काही जिल्हे येतात.

तेवढेही कधी अपुरे पडते. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात जन्मलेली गिधाडे २०२४ मध्ये उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून ताडोबातून सोडण्यात आली. त्यातील एक सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास करत तामिळनाडूपर्यंत पोहोचले आणि तेथे विजेच्या धक्क्याने मेले. चंद्रपूरच्या वन विभागाने कितीही काळजी घेतली, तरी त्या पक्ष्याचे जगणे वाटेतल्या प्रत्येक गावातील औषध दुकानावर आणि विजेच्या खांबावर अवलंबून होते.

साफ करणारा गेला, तेव्हा

गिधाडांचा थवा मोठ्या जनावराचे मांस तासाभरात संपवू शकतो. त्यांच्या पोटातील तीव्र आम्लात रोगजंतू मरतात. ही गिधाडे गेल्यावर मेलेली गुरे उघड्यावर सडू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्यासोबत रेबीजचा धोकाही वाढला. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडे भरपूर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना केली. गिधाडे संपल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे.

आता आपला प्रश्न. गावातील मेलेले जनावर त्या जागेपर्यंत नेत कोण होते? जातिव्यवस्थेने हे काम ठरावीक जातींच्या माथी मारले होते. ओढणारे आणि सोलणारे आपले पूर्वज, आणि त्यांनाच विटाळ. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस खाणे सोडा, हीन लेखली जाणारी कामे सोडा असे बजावले. ती स्वाभिमानाची हाक होती आणि आपल्या लोकांनी ती किंमत मोजून पाळली.

तरीही हे काम जातीवरून सुटलेले नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली. त्यानंतर तेथील अनेकांनी मेलेली जनावरे उचलायला नकार दिला आणि सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ती आणून टाकली. पीडित कुटुंबाने पुढे २०१८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला.

माणसाची आणि पक्ष्याची बरोबरी आम्हाला करायची नाही. पण घाण करणारा प्रतिष्ठित आणि साफ करणारा हलका, ही दृष्टी दोन्ही ठिकाणी एकच आहे. म्हणून गिधाडे परत यावीत असे म्हणताना जुनी गावगाडा व्यवस्था परत यावी असे कोणी सुचवत असेल, तर ते आपल्याला मान्य नाही.

आपण काय करू शकतो

सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये, तर अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित केला. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. बंदी कागदावर राहू नये यासाठी गावोगाव पसरलेले आपले युवक उपयोगी पडू शकतात.

• पशुपालकांशी बोला. गुराला इंजेक्शन देताना औषधाचे नाव विचारायला आणि मेलॉक्सिकॅम मागायला सांगा.
• बंदी असलेले औषध गुरांसाठी विकले जात असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.
• ग्रामसभेत ठराव मांडा: मेलेली जनावरे वाहनाने आणि यंत्राने हलवावीत, कामगार कोणत्याही जातीचा असो, त्याला रीतसर वेतन आणि हातमोजे-गमबूट मिळावेत.
• जनावरे टाकण्याची जागा वीजवाहिन्या आणि पाणवठ्यापासून दूर असावी. रायगड, नाशिक, गडचिरोलीत गिधाडांसाठी खाद्य ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. तेथे विषमुक्त जनावरच ठेवणे महत्त्वाचे.
• जखमी किंवा यंत्र लावलेले गिधाड दिसले, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पटिच्चसमुप्पाद आपण विहारात शिकतो: हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. स्वस्त औषधाची एक कुपी, आभाळातला एक पक्षी आणि गावातल्या माणसाचा मृत्यू यांची साखळी हेच सांगते. ती तोडायची तर गिधाडाला विषमुक्त अन्न आणि सफाई करणाऱ्या माणसाला सन्मान, या दोन्ही मागण्या एकाच ठरावात मांडाव्या लागतील. येत्या ग्रामसभेपासून सुरुवात करू या.

नमो बुद्धाय, जय भीम!