कावडीच्या दांडीचं धनुष्य

शनिवारी सकाळी तुम्ही मॉलमध्ये पॉपकॉर्नच्या रांगेत असता, तेव्हा मी बाल्कनीत काचेच्या तुकड्याने लाकूड खरवडत असतो. शेजारच्या काकूंना वाटतं, पोराची नोकरी गेली. (गेलेली नाही. अजून तरी!)

झालं असं, की गेल्या दिवाळीत गावचं घर विकायला काढलं आणि माळ्यावर आजोबांची कावडीची दांडी सापडली. धामणीची. धामण म्हणजे सॉलिड प्रकरण. संस्कृतात तिचं नावच ‘धन्वन’. धनुष्यं, कुऱ्हाडीचे दांडे, कावडी पूर्वापार तिच्याच. कारण हे लाकूड वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. (अप्रेझलमध्ये मॅनेजरला नेमकं हेच हवं असतं.)

बाबा म्हणाले, “ने. पण जपून हं, अण्णांचं एवढंच उरलंय.” तिचं काय करणार आहे, हे मी सांगितलंच नाही.

डोक्यात होता इशी. कॅलिफोर्नियाच्या याही जमातीतला हा शेवटचा माणूस १९११मध्ये डोंगरातून एकटाच बाहेर आला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये राहिला. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करणं शिकून घेतलं. १९१६मध्ये इशी क्षयाने गेला. पोपने सगळं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. इशीचं शिकारीचं धनुष्य जेमतेम साडेतीन फुटांचं, ज्युनिपरच्या लाकडाचं, पाठीवर जनावराचे स्नायुतंतू चिकटवलेलं. उभं ठेवलं तर धनुष्य राबत राहतं, त्याला घाम येतो, असं तो म्हणे. आडवं ठेवायचं!

तंतू माझ्याकडे नव्हते, म्हणून मी चार फूट लांबी धरली.

धनुष्याला पाठ आणि पोट असतं. पाठ म्हणजे सावजाकडची बाजू. ती ताणली जाते, म्हणून तिथला एकही रेषा कापायचा नाही. तासायचं ते पोटाकडून. मूठ जाड, बाहू टोकांकडे निमुळते. करवत-रंध्याचं काम एका वीकएण्डला उरकतं. खरी कसोटी पुढे. मूठ भिंतीवरच्या खुंटीवर टेकवायची, दोरी खाली ओढायची आणि लांबून बघायचं, दोन्ही बाहू सारखे वाकतायत का? जिथे ताठ आहे तिथे खरवडायचं, जिथे जास्त वाकतंय तिथे बोटही लावायचं नाही. चार वेळा खरवडा, वीस-तीस वेळा ओढा, मग बघा. लाकूड लगेच उत्तर देत नाही.

तिसऱ्या रविवारी मी घाई केली. एका दमात दोन इंच जास्त ओढलं. टक्!

पाठीवर केसाएवढी चीर. दांडी करणाऱ्याने कडेचे रेषे तिरके कापले होते. पाणी वाहायला चालतं, धनुष्याला नाही. हे मला आधी दिसायला हवं होतं. पोटात गोळा आला. बाबांना काय सांगू? त्या रात्री चिरेत पातळ गोंद भरला, वरून दोरा घट्ट गुंडाळला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाहू आणखी बारीक केले. चाळीस पौंडांचं स्वप्न बॅगा तोलायच्या काट्यावर तेवीसवर आलं.

शिकार अर्थातच नाही, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. माझं सावज म्हणजे जुन्या जीन्स कोंबलेलं पोतं, मित्राच्या शेतावर. दहा पावलांवरून पाचातले तीन बाण लागतात. (एक टिप : बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, सगळा झटका लाकूड खातं.)

शेवटी बाबांना दाखवलं. त्यांनी गुंडाळलेल्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग काही न बोलता धनुष्य खांद्यावर आडवं ठेवलं, दोन्ही हात टोकांकडे नेले आणि हॉलमध्ये चार पावलं चालले.

“आखूड केलीस रे,” म्हणाले. “घागरी गुडघ्यांना लागतील.”